वारा पडेपर्यंत

मंदा गेली तेव्हा माझा फोन लॉकरमध्ये होता. चाकणच्या आमच्या कंपनीत फोन आत ठेवल्याशिवाय लाइनवर सोडत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत उघडला, तर तिच्या नवऱ्याचे अकरा मिस्ड कॉल. म्हणजे तीन तास मी मुकाट वायरी जोडत होते आणि ती नव्हती... याला दीड महिना झाला, राग अजून गेलेला नाही. तो काढायचा कुणावर, तेही कळत नाही.

चौदा वर्षं आम्ही एका लाइनवर शेजारी उभ्या राहिलो. मी इथलीच, दिघीची, शेतकऱ्याघरची. ती कोकणातल्या एका लहानशा बंदराची, लग्न होऊन निगडीला आलेली. तिच्या डब्यात सुकट असायची, त्यामुळे कॅन्टीनमध्ये आमच्या टेबलाकडे कुणी फिरकत नसे आणि जागा मात्र कायम मिळायची. मी नाक मुरडलं की म्हणायची, "आधी खा गं कल्पे, मग बोल." पुढे पुढे मीच तिचा डबा चाटूनपुसून संपवायला लागले. मग तिची मूत्रपिंडं कामातून गेली. डॉक्टरांनी मीठ तोडायला लावलं, सुकट बंद झाली, नोकरीही सुटली. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, सकाळी सातला.

मे महिन्यात तिने एकच धोशा लावला, आयेला बघायचंय. म्हातारीला गाडी लागते, उभ्या जन्मात ती घाट चढून आलेली नाही. मंदाच्या नवऱ्याला रविवारचा ओव्हरटाइम सोडवेना. शेवटी आमच्या ह्यांनी गाडी काढली. पहाटे निघून अकराला बंदरात पोचलो. आयेचं घर खाडीपलीकडच्या वाडीत, लाँचने जेमतेम दहा मिनिटं... आणि लाँच बंद. वैशाखाचं ऊन रणरणत होतं आणि वारा असा, की चहाच्या ग्लासात वाळू पडत होती. बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटत होत्या. टपरीवाल्याने कंटाळून ताडपत्रीच काढून ठेवली. रस्त्याने वळसा घालायचा तर आणखी तीन तास, आणि मंदाला तेवढं बसवत नव्हतं.

मी लाँचवाल्याशी भांडले, त्याच्यापुढे हात जोडले, नाही नाही ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, पेशंट आहे म्हणूनच नेत नाही."

"त्याला नको बोलूस," मंदा म्हणाली. "वारा बघ ना कसा आहे."

समोर माडांच्या मधे घराची कौलं दिसत होती. तिने मला दोनदा बोट करून दाखवली. आयेला फोन लावला, पण वाऱ्यात निम्मं ऐकूच येईना. एवढं कळलं की ती म्हणतेय, येऊ नको, परत जा, पुढल्या महिन्यात ये. मंदा तरी हलली नाही. दोन वाजले, तीन वाजले, चार. दुसऱ्या दिवशीची, सोमवारची सकाळी सातची सुई माझ्या डोक्यात टोचत होती. शेवटी मीच म्हटलं, "मंदे, निघू या." मी हाताला धरून तिला उठवलं. घाटात ती झोपली होती, निदान डोळे तरी मिटलेले होते.

पुढला महिना लागून आठवडा होतोय तोच ती गेली.

तेराव्याला आये आली. वाटभर उलट्या करत, जीव नकोसा करून घेत आली. मी तिला मंदाच्या खोलीत नेलं. ती पलंगावर टेकली आणि बराच वेळ चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी दिवेलागणीला वारा पडला गो. पहिल्या लाँचने मी अलीकडे बंदरात आले."

"पण आये, तुम्हीच तर परत जा म्हणालात," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

"म्हणाले खरं," ती म्हणाली. "वाटलं, ती कुठे माझं ऐकतेय. बसली असेल."

तिला उठवलं ते मी, हे मला आयेला सांगता आलं नाही.