पाच बोल्या, पाच पेले पाणी

आमच्या मामेसासऱ्यांना फसवू शकेल असा बोलीदार अद्याप जन्माला आलेला नाही, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. कारण तो प्रयत्न मी स्वतः करून पाहिला आहे.

नामपूरच्या कांदाबाजारात लिलाव पुकारण्यात त्यांची उभी हयात गेली. मामा निवृत्त झाले, पुकारा झाला नाही. आमच्या लग्नात पंगतीतल्या शेवटच्या जिलबीचा त्यांनी 'एक वार, दोन वार, तीन वार' असा रीतसर लिलाव केला आणि ती व्याह्यांच्या पानात पडली. हल्ली ते जुन्या वस्तूंसाठी मोबाइलवरच्या लिलावांत उतरतात. पण उतरण्यापूर्वी आपला शेवटचा आकडा चिठ्ठीवर लिहून टोपीत खोचतात. "लिलावात डोकं तापतं, जावईबापू. आकडा डोक्यावर ठेवायचा, डोक्यात नाही." मग इतर बोलीदारांचा मागचा सारा इतिहास चाळायचा. एकदा मला बोटाने दाखवत म्हणाले, "हा बघा, एकाच विक्रेत्याच्या मालावर उड्या मारतो आणि माल एकदाही उचलत नाही. हाऊ बोलीदार नाही, हाऊ विक्रेत्याचा मेहुणा शे!" खोटी बोली दिसली की माल सोन्याचा असला तरी उठायचे, हा त्यांचा नियम. त्यापायी एक सुरेख पितळी बंब हातचा गेला, तेव्हा मामी एवढेच म्हणाल्या, "संशयानं पाणी तापत नाही हो."

गेल्या वर्षी मामा एका दुपारी आमच्या एकलहऱ्याच्या घरी आले. त्यांच्याकडे नेटचा भरवसा नव्हता आणि लिलावाचा शेवटचा तास उरला होता. मामींच्या माहेरी होता तसा जुना लाकडी रेडिओ त्यांना सापडला होता, आणि तो मामींच्या पंचाहत्तरीला द्यायचा होता. त्यांनी कौतुकाने फोटो दाखवला. तो रेडिओ माझ्या वडिलांचा होता. माळ्यावरून काढून, एका दुकानाच्या बनावट नावाने मीच तो विकायला ठेवला होता.

त्याच क्षणी बोलायला हवे होते. मी बोललो नाही. मामांनी पहिली बोली लावली आणि मी "पाणी पिऊन येतो" म्हणून स्वयंपाकघरात गेलो; तिथे दुसऱ्या नावाने त्यांच्यावर बोली चढवली. ते वाढत गेले, मला तहान लागत गेली. पाचव्या पेल्यानंतर परतलो तेव्हा मामांनी मोबाइल पालथा ठेवला होता.

"चिठ्ठीतला आकडा संपला का, मामा?"

"नाही. बोलीदार खोटा शे."

मग माझ्याकडे शांतपणे पाहत ते म्हणाले, "एक वार." मी हसलो. "दोन वार." मी पंख्याकडे पाहू लागलो. तिसरा वार न उच्चारताच त्यांनी चपला घातल्या आणि ते निघून गेले. रेडिओ माझा मलाच पडला.

मनुष्य स्वतःच्याच घरात चोर होऊन किती दिवस राहणार? चौथ्या दिवशी रेडिओ मांडीवर घेऊन एसटीने नामपूर गाठले. दार मामांनीच उघडले. त्यांनी रेडिओ पाहिला, मग माझा घामेजलेला चेहरा.

"या, जावईबापू. पाणी घेणार, की पुरे झालं?"

मी मामींच्या समोरच सगळे सांगितले. मामांनी टोपीतून ती चिठ्ठी काढून माझ्या हातावर ठेवली. त्यातला आकडा माझ्या शेवटच्या खोट्या बोलीपेक्षाही बराच मोठा होता. रेडिओ तसाच भेट म्हणून ठेवून घ्या, असे मी विनवले. त्यांनी ऐकले नाही. आपल्या पहिल्या बोलीचे पैसे मोजून दिले. "खरी बोली तेवढी एकच झाली," म्हणाले, आणि रेडिओ मामींच्या पुढ्यात ठेवून, राहून गेलेला शब्द अगदी हळू उच्चारला, "तीन वार."

त्या दिवसाचा उच्चार त्यांनी नात्यात कुणापाशी केलेला नाही. मी गेलो की मामी रेडिओ लावतात आणि पाण्याचा पेला मामा स्वतः आणून देतात. तो रिकामा होईपर्यंत मात्र ते खिडकीबाहेर पाहत राहतात. माझ्याकडे पाहत नाहीत.