बाल्टी आंटी

दुर्गापुऱ्याच्या आमच्या सोसायटीत काकूंना सगळे ‘बाल्टी आंटी’ म्हणत. अर्थात पाठीमागे. कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरल्या की त्यांची नजर आधी आरओच्या नळीवर जाई. पाणी मोरीत वाहून जाताना दिसलं की त्या न विचारता खाली बादली सरकवत. “फरशी पुसायला होतं गं,” एवढंच म्हणत. चहा त्यानंतर.

काकू मूळच्या साताऱ्याच्या. काका विमा कंपनीत होते, बदल्या होत होत इथे हिंदी मुलखात आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. ते गेल्यावर काकू एकट्या. सोसायटीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि समोरचं आमचं. आता काकूही इथे राहत नाहीत.

भाजी घेताना मला त्यांची लाज वाटायची. “भैया, थैली नहीं चाहिए, मेरा पदर है ना!” असं म्हणून त्या खरोखरच पदर पसरत. भाजीवाल्याला ‘पदर’ कळत नसे, पण तो हसत हसत मेथी त्यात टाकी. जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून त्यांनी घरोघरी वाटल्या होत्या. माझी कपाटात तशीच पडून होती.

गच्चीवर त्यांचे दोन माठ होते, भाजीच्या देठासालींचं खत करायचे. शेजारी तीन पिंपं. टँकर आला नाही तर साऱ्या जिन्याला वापरायला पाणी तिथूनच मिळे. प्रत्येक पिंपाच्या तोंडाला धुतलेलं फडकं सुतळीने आवळलेलं असे. दर रविवारी त्या पिंपं रिकामी करून काथ्याने घासत.

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या नऊ वर्षांच्या ऋचाला डेंग्यू झाला. सहा दिवस ती इस्पितळात होती. पेशी रोज खाली येत होत्या. इकडे सोसायटीची बैठक भरली. “पानी जमा करके और कौन रखता है?” सेक्रेटरी म्हणाले. तक्रारीचा कागद तयार झाला आणि आजारी मुलीची आई म्हणून पहिली सही माझी घेतली. मी केली. फडकी मी रोज पाहत होते. पण कुणाचा तरी दोष हवा होता, आणि त्यांचा ठरवणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी चौकीदाराने पिंपं उलटी केली, माठ कचऱ्याच्या गाडीत फेकले. काकू जिन्यात उभ्या होत्या. “खत तरी कुंड्यांत घालू द्यायचं होतं,” त्या मला म्हणाल्या. मी घरात जाऊन दार लावलं.

ऋचा घरी आल्यावर चार दिवसांनी नगर निगमचा माणूस तपासणीला आला. आमच्या बाल्कनीतला कूलर उन्हाळा संपल्यापासून बंद होता, पण तळाशी पाणी तसंच होतं. त्याने वाटीभर काढून माझ्यापुढे धरलं. त्यात अळ्या वळवळत होत्या.

“मॅडमजी, कब से नहीं धोया?”

ऋचा आत झोपली होती, घरी दुसरं कुणी नव्हतं. तो गेल्यावर मी कूलर घासून कोरडा केला आणि कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा.

महिन्याभरात काकूंनी नागपूरला मुलीकडे जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी रिक्षा फाटकाशी उभी करून त्या आमच्या दारात आल्या. ऋचाच्या गालावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळल्या.

“माझ्यामुळे पोरीला फार सोसावं लागलं. फडकं घट्ट बांधायचे गं मी, पण कुठेतरी फट राहिली असणार.”

तेव्हा बोलायला हवं होतं. शब्द ओठांशी आलेही होते.

“जाऊ द्या काकू,” मी म्हणाले, “झालं ते झालं.”

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

“मोठ्या मनाची आहेस गं तू,” असं म्हणून त्या जिना उतरल्या.