संघमित्राचा ळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिचं वाटोळं केलं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका — सांगते आहे एवढं खरं. मी भित्री नाही, तेव्हाही नव्हते. घाबरून खोटं बोलले असते तर निदान... पण तसं नव्हतं.

मी पुण्याच्या कसब्यातली. माझं बोलणं स्वच्छ आहे, आवाज चांगला आहे, आणि हे मला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही. स्वारगेटहून हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये संघमित्रा माझ्या शेजारी बसायची. अमरावतीकडची, माझ्याहून बरीच लहान, कंत्राटावर लागलेली. तिच्याकडे गाणी ऐकायचा एक छोटा प्लेअर होता — काडेपेटीएवढा, मागे कपड्याला अडकवायला चिमटा. मी पहिल्याच दिवशी खवचटपणे विचारलं, "मोबाइल विकलास वाटतं?"

"मोबाइल काढला का घरचे फोन सुरू होतात, ताई. याच्यावर कोनी फोन करत नाही."

त्या एवढ्याशा डबीत काय नव्हतं! रेडिओ होता. आवाज भरता यायचा. वेग कमी करून ऐकता यायचं. आणि कडेला एक बटण होतं — एकदा दाबलं की 'ए', पुन्हा दाबलं की 'बी', मग त्या दोन खुणांमधला तेवढाच तुकडा, तुम्ही थांबवेपर्यंत, पुन्हा पुन्हा वाजत राहायचा. गाणं शिकणाऱ्यांना फार सोयीचं. संघमित्रानं मात्र त्यात माझा आवाज भरून घेतला होता.

कारण 'ळ'. तिच्या गावाकडे केळी म्हणजे केयी आणि डोळा म्हणजे डोया. आमच्या कंपनीनं शाळकरी मुलांसाठी ऐकायचे मराठी धडे काढायचं ठरवलं होतं, आणि त्यासाठी आवाज आमच्यातूनच निवडणार होते. निवड झाली की कंत्राटी माणूस कायम होणार. म्हणून मी तिला "सकाळी बाळूनं पिवळी केळी सोलली" असली वाक्यं म्हणून दिली. ती माझा ळ ए-बीमध्ये पकडायची, वेग कमी करायची आणि ओठ हलवत ऐकत बसायची. एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. तुंबलेल्या रस्त्यावर तासभर आपलाच ळ ऐकायचा — मला आवडायचं. नाही कशाला म्हणू?

मी तिला हसायचे का? हसायचे. आमच्याकडे त्याला शिकवणं म्हणतात. पण गोष्ट तेवढीच असती तर मी हे सांगायला बसले नसते.

आवाजाच्या चाचणीसाठी माझंही नाव होतं. माझी नोकरी आधीच कायम झालेली होती. मला फक्त माझा आवाज शाळाशाळांतून वाजायला हवा होता. चाचणीच्या आदल्या दिवशी संघमित्रानं एक अख्खा धडा स्वतःच्या आवाजात भरला आणि बसमध्ये प्लेअर माझ्या हातात दिला. "ताई, आता जमलं का मले? तुम्ही नाही म्हनलं तं मी जात नाही."

मी ऐकला. आधी सरळ, मग वेग कमी करून. सकाळ आली, आभाळ आलं, पावसाळा आला — प्रत्येक ळ टाळूला जीभ लावून, ठणठणीत. आणि तो आवाज! तो मी शिकवलेला नव्हता. मुलांनी वही बाजूला ठेवून ऐकत बसावं असा तो होता, आणि तसा माझा नाही — नव्हताच कधी. मी ए दाबलं, बी दाबलं, चूक शोधली. पुन्हा दाबलं. डबी आपली तेच ते, बरोबर, ऐकवत राहिली.

मी इअरफोन काढला आणि म्हणाले, "अजून नाही गं. ळ पोकळ येतोय. हसतील तुला."

तोंडावर काळजी आणून म्हणाले. तिनं वाद घातला नाही. कशाला घालेल? शुद्ध काय नि अशुद्ध काय, हे कसब्यातल्या बाईनं सांगितलं की संपलं, असं तिला वाटायचं. तसं वाटावं, याची मी पुरेपूर व्यवस्था केली होती.

ती चाचणीला गेली नाही. माझी निवड झाली. धडे आजही चालू आहेत, आणि चांगले झाले आहेत, हेही सांगते.

ती बसमध्ये शेजारी बसत राहिली, पण माझ्याशी हिंदीत बोलायला लागली. मराठी ओठावर आलं की थांबायची, शब्द बदलायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा पुढे केला — "केला लो, ताई." मला कळलं. मी केळं घेतलं, सोललं, खाल्लं. तेव्हा तरी बोलता आलं नसतं का? आलं असतं. अगदी सहज.

कंत्राट संपलं, ते पुढे वाढलं नाही. गावी परत जायच्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली आणि त्या दिवशी मात्र तिच्या मराठीत बोलली. "बरं झालं ताई, तुम्ही आधीच सांगतलं. नाही तं सारे हासले असते मले."

मी म्हणाले, "अगं, त्यात काय एवढं."