आत्याच्या साठ कॅसेट्स

माझी आत्या, निरुपमा सबनीस, हिने बडोद्याच्या विद्यापीठात एकतीस वर्षं पोर्तुगीज आणि स्पॅनिश शिकवलं. स्पॅनिशचा वर्ग भरायचा, कारण कुणाला परदेशी जायचं असायचं, कुणाला गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात निर्यातीची नोकरी हवी असायची. पोर्तुगीजला तीन डोकी, त्यातलं एक पहिल्या चाचणीनंतर गळायचं. "पोर्तुगीज शिकून बोलणार कोणाशी?" असं नातेवाईक चिडवायचे. आत्या गंभीरपणे सांगायची, "दमणच्या फिलोमेनाबाईंशी."

ते खरंच होतं. दमणच्या किल्ल्यातली काही ख्रिस्ती कुटुंबं घरात पोर्तुगीजमधून उपजलेली आपली वेगळीच बोली बोलतात. आत्याने लिस्बनला दोन वर्षं काढली, पण जीव जडला तो या बोलीवर. दर सुट्टीत वापीपर्यंत रेल्वे, पुढे रिक्षा, आणि फिलोमेनाबाईंच्या ओसरीवर टेपरेकॉर्डर. मासळी कशी खारवायची, नवरा कसा बुडाला, सगळं त्या सांगत गेल्या. अशा साठ कॅसेट्स झाल्या. त्यांवरून पुस्तक निवृत्तीनंतर निवांत लिहायचं ठरलं होतं.

तिथे आमच्या घराण्याची खोड आडवी आली. आमचे पणजोबा दत्ताजीराव बडोदा संस्थानाच्या दप्तरात होते. सरकारी कागदाची कोरी पाठसुद्धा त्यांनी पोरांना चित्रं काढायला दिली नाही, हे आम्हाला बाळकडूसारखं पाजलेलं. कोऱ्या कॅसेट्स विभागाने घेऊन दिल्या होत्या. म्हणून निवृत्तीच्या दिवशी आत्याने साठही कॅसेट्सची यादी केली, त्या क्रमाने लावल्या, कपाटाला कुलूप घातलं आणि सही घेऊन किल्ली कारकुनाच्या हवाली केली.

"निदान नक्कल तरी काढून ठेव," मी म्हटलं.

"अगं, माल विद्यापीठाचा. परवानगीचा अर्ज दिलाय, येईल उत्तर."

तेव्हा मला तिचा अभिमान वाटला होता. आज संताप येतो, तिचा आणि माझाही.

उत्तर आलं नाही. आत्या नेमाने स्मरणपत्रं पाठवत राहिली, पण स्वतः गेली नाही. निवृत्त माणसाने लुडबुड करू नये म्हणे. अशी सहा वर्षं गेली. मग मागच्या वर्षी इंग्लंडमधल्या लेस्टरहून फिलोमेनाबाईंच्या मुलीचा, लुर्देसचा, फोन आला. बाई वारल्या होत्या.

"टीचर, मम्मीनो अवाज मोकलो ने," आवाज पाठवा म्हणून ती गुजरातीत रडत विनवत होती. आईचा आवाज त्यांच्या घरात कोणाकडेच नव्हता.

तेव्हा कुठे आत्या विभागात गेली. मी सोबत होते. तिच्या खोलीत संगणक मांडले होते. कपाटं आतल्या सामानासकट तीन वर्षांपूर्वीच भंगारात गेली, असं नव्या कारकूनबाईंनी सांगितलं. यादी मात्र फाइलला नीट लावलेली होती. ती त्यांनी कौतुकाने दाखवलीसुद्धा.

घरी येऊन आत्याने लुर्देसला स्पीकरवर फोन लावला आणि झालं ते सांगितलं. मग म्हणाली, "थांब, मला पाठ आहे." डोळे मिटून ती फिलोमेनाबाईंच्या बोलीत, त्यांच्याच हेलात, मासळी खारवायची सगळी रीत सांगत गेली. कुठेही अडली नाही. मला त्यातलं कळत काही नव्हतं; ती मासळीची रीत होती हे तिने नंतर सांगितलं.

"शब्दो मम्मीना ज छे, टीचर," लुर्देस हळू म्हणाली. "पण आ मम्मी नथी."

आत्याने फोन ठेवला.

"त्या कॅसेट्स मी चोरायला हव्या होत्या गं," ती म्हणाली.