प्यायलेली फरशी

मिस्त्रीबाई आता पन्नाशीच्या आहेत. गुडघ्यांना रबराचे जाड तुकडे बांधून त्या गुडघे टेकून बसल्या की उठायचं नाव नाही. त्यांनी बसवलेल्या फरशीवरून गोटी सोडा, जागची हलायची नाही. पण त्यांची सगळ्यात गाजलेली फरशी दोन दिवसांत उखडली होती. हे लोकांनी सांगायच्या आधी त्या स्वतःच सांगतात आणि सांगण्याआधीच हसत सुटतात.

त्या शिकाऊ होत्या तेव्हाची गोष्ट. फरशीवाल्यांच्या त्या टोळीत एक रीत होती. विसावं वर्ष लागेपर्यंत पोरानं नुसता माल कालवायचा, म्हणजे सिमेंट-वाळू. विसावं लागलं की शनिवारी दुपारी फरशीच्या कारखान्याच्या अंगणात सगळे गोळा व्हायचे. पोरानं दारूचा भरलेला ग्लास एका दमात रिकामा करायचा आणि लगेच एक फरशी बसवायची. ती वाकडी बसली की टाळ्या पडायच्या, "झाला रे बाप्या!" सोमवारपर्यंत फरशीनं धरलं की थोरले मिस्त्री त्याच्या हातात नवी पाणसळ द्यायचे. पाणसळ म्हणजे ती काचेच्या नळीतला बुडबुडा दाखवणारी पट्टी. ती स्वतःची असली तर मिस्त्री, नाहीतर जन्मभर घमेलं.

अशा अठरा फरश्या अंगणात होत्या. अठरा जणांच्या अठरा तऱ्हा. तिथं वाटाणा पडला तर कुणाच्या पायाशी जाईल यावर पैजा लागायच्या.

एकोणिसावी फरशी हिची. टोळीतली पहिलीच पोरगी. तिला कामावर आणणारे तिचे काका आठवडाभर सांगत फिरत होते, "माझी पुतणी आहे. ग्लास चाटूनपुसून ठेवेल!"

इकडे पुतणीला नुसत्या वासानंच मळमळायचं. पण पाणसळ तर हवी होती. इतकी हवी होती, की रात्री झोपेतसुद्धा ती घरातली फडताळं सरळ आहेत का बघायची.

शनिवारी ग्लास हातात आला. थोरल्या मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे आपल्या पहिल्या ग्लासाची गोष्ट सुरू केली. त्या गोष्टीतला ग्लास दरवर्षी वाढत होता. त्या वर्षी तो तांब्याएवढा झाला होता.

"तांब्या? गेल्या साली फुलपात्र होतं की!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे तिकडं वळून खिदळायला लागले. तेवढ्यात हिनं ग्लास घमेल्यात उपडा केला, थापीनं माल फिरवला आणि बाहीनं कोरडं तोंड पुसलं.

मग फरशी बसवली. रबरी हातोडीनं चार ठोके. मिस्त्रींनी पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोब्बर मधोमध.

सगळे वाकून बघायला लागले.

"पचवली की हो पोरीनं!"

"आमच्या घराण्याचं पोटच तसलं," काका म्हणाले आणि आनंदात स्वतःच दोन ग्लास चढवले.

सोमवारी सकाळी थोरल्या मिस्त्रींनी त्या फरशीवर पाय ठेवला. फरशी खट्टकन हलली. दुसरा पाय ठेवला, ती दुसरीकडे कलली. त्यांनी बोटं घालून ती अलगद उचलली. खालचा माल अजून भिजकाच. त्यांनी तो चिमटीत धरून हुंगला. मग पोरीकडं पाहिलं.

"ही फरशी प्यायलीय."

काकांनी कपाळावर हात मारला. "अगं, नाक कापलंस माझं!"

पोरीचं तोंड मात्र चाललं. "मिस्त्री, गिऱ्हाईक मला पिताना बघणारे की फरशी बसवताना? तुम्ही मला फरशीनंच तपासा ना."

"तपासली की. उखडली." मिस्त्रींचा आवाज चढला. "दारू सांडलीस, त्याचं मला सोयरसुतक नाही. पण मालात? गोडसर दारू घातल्यावर सिमेंट धरंल का? चार वर्षं काय कालवलंस मग?"

हे मात्र तिला खरंच लागलं. मान खाली गेली. "चुकलं."

"चुकलं ना? मग कालव परत. नुसत्या पाण्यानं."

तिनं माल कालवला. आता लपायला ग्लासही नव्हता. फरशी बसली. बुडबुडा मधोमध आला. मिस्त्रींनी बराच वेळ त्याच्याकडं बघितलं, मग आपल्या तीस वर्षं जुन्या वाकड्या फरशीकडं.

"उद्या धरली तर पाणसळ तुझी."

"आणि ग्लासाचं काय?" काकांना राहवेना.

"ग्लास फरशीनं घेतला. तिलाच विसावं लागलं असंल."

मंगळवारी मिस्त्री फरशीवर उभे राहिले, उड्या मारून बघितल्या. हलली नाही. पाणसळ मिळाली.

पुढं पोरं ग्लास घेतही राहिली, पण आधी फरशी बसवून, हात धुऊन. ज्याला नको तो सरळ नको म्हणायला लागला. आणि थोरले मिस्त्री म्हातारपणी अंगणात बसायला यायचे, तेव्हा स्टूल डुगडुगू नये म्हणून एकोणिसाव्या फरशीवरच टाकायचे. स्वतःची फरशी तीन हातांवर होती, तरी.