बुरुजाच्या बुजवलेल्या मोऱ्या

गडाचा बुरूज मनूच्या अंगावर पडेल, या धास्तीनं मी सबंध आषाढ नीट झोपले नाही. मनू माझी लेक, पहिलीतली; तिची शाळा बुरुजाच्या पायथ्याशीच. तशी मी घाबरटच. तिला पेरूसुद्धा बिया काढून देते! त्यामुळे आधी वाटलं, माझंच डोकं फिरलंय. पण पोलादपूरच्या आमच्या गड समितीत इतिवृत्त मी लिहायचे (अक्षर बरं, एवढंच कारण). वहीत ठराव मावायचे, किस्से डोक्यात साठायचे. ते आता उतरवते.

*

दुरुस्तीचं काम सुरू झालं. कंत्राटदारानं बुरुजाच्या घडीव दगडांवर सिमेंटचा गिलावा थापला. मग बुरूज फारच सपाट दिसायला लागला म्हणून गिलाव्यावर पांढऱ्या रंगानं दगड काढले!

आमचे म्हातारे पाथरवट धोंडूमामा बघतच राहिले.

"बाय गो, जित्या मानसाच्या तोंडाव त्याचाच फोटो चिकटवला ह्यांनी!"

*

बुरुजात मुरलेलं पाणी बाहेर पडायला मोऱ्या होत्या. दर ज्येष्ठात धोंडूमामा बांबू घालून त्या मोकळ्या करायचे. त्यांचे वडीलही करायचे. इंजिनीअरसाहेबांनी त्या सिमेंटनं बुजवल्या. म्हणे, "भोकं बरी दिसत नाहीत."

"साहेब, तुमच्या न्हाणीची मोरी बुजवा नि मंग आंघोळ करून दाखवा!" धोंडूमामा कडाडले.

मीटिंगमध्ये सगळे हसले. अध्यक्ष मला म्हणाले, "मॅडम, हे इतिवृत्तात नको."

मी घेतलं नाही. साहेबांपेक्षा माझ्या त्या ऐकण्याचाच राग मला जास्त येतो.

*

पावसात बुरुजाचं पोट सुटलं. एसटीडी बूथवरून ऑफिसला फोन लावला. "साहेब साइटवर." साइटवर गेले. "साहेब ऑफिसात."

चौथ्या दिवशी सापडले. "मॅडम, बुरूज गोलच असतो. जरा हिस्ट्री वाचा!"

मी इतिहासात बी.ए. आहे, हे मला घरी पोळ्या लाटताना आठवलं.

*

पंधरा ऑगस्टला लोकार्पण. शाळेची मुलं बुरुजाला पाठ लावून रांगेत उभी. भिंत नुसती पाझरत होती.

"सर, मुलांना पुढे घ्या ना," मी हेडमास्तरांना म्हटलं.

"मॅडम, फोटोत बुरूज यायला हवा!"

तेवढ्यात वरून गिलाव्याचा एक पोपडा सुटला आणि साहेबांच्या रिकाम्या खुर्चीत पडला. कंत्राटदार धावला. पाच मिनिटांत पाहुण्यांच्या सगळ्या खुर्च्या मैदानापलीकडे, जांभळीखाली. मुलं मात्र तिथंच! मी मनूकडे धावले, तर एका सरांनी हात आडवा घातला. "पालकांनी दोरीच्या मागे!"

साहेबांनी जांभळीखालून माईक घेतला. "मुलांनो, हा बुरूज आता शंभर वर्षं पडायचा नाही! कुणाला काही विचारायचंय?"

रांगेतून एकच हात वर आला. मनूचा.

"काका, मग तुमच्या खुर्च्या लांब का नेल्या?"