उभ्यानं चहा पिणारा

आमच्या शेजारचा वेल्डर कधी बसत नाही. नागापूरच्या कारखान्यात जाताना माझ्या दारात सायकल थांबवायची, एक पाय पायडलवर ठेवायचा आणि चहा प्यायचा. माझी बायको ओरडायची, “मेल्या, टेक की जरा!”

“बसलं की उशीर व्हतो, काकू.”

त्याला परदेशात नोकरी लागणार होती. मुलाखत आणि वेल्डिंगची परीक्षा नेपाळात, काठमांडूला होती. परदेशी साहेब तिथंच येणार होता. हा निघणार त्याच पहाटे माझी बायको गेली. त्यानं तिला खांदा दिला. परत आल्यावर भिंतीला पाठ लावून अंधार पडेपर्यंत माझ्याजवळ बसला. त्याचं जाणं माझ्या ध्यानातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो निघाला. आठवडाभरानं परत आला, तेव्हा मी विचारलं, “काय झालं रं?”

“नापास केलं सायबानं, काका. जोड देताना हात हलला.”

त्याचा हात हलत नाही. त्याच्या बायकोनं मागाहून सांगितलं, हा पोचला त्याच्या आदल्या दिवशीच मुलाखती संपल्या होत्या.

सायकल अजून दारात थांबते. चहा आता मी करतो, पांचट होतो. तो उभ्यानंच सगळा पितो. मी त्याला बस म्हणत नाही.